चित्रातला दुवा उघडत नाही तेव्हा

एका शनिवारी दुपारी आमच्या शिक्षकगटाच्या बैठकीत एका बाईंनी आपल्या सातवीच्या वर्गाचं काम दाखवायला आणलं होतं. गावाजवळच्या तळ्यातलं अन्नजाळं. शेवाळापासून बगळ्यापर्यंत तेवीस वर्तुळं आणि कोण कोणाला खातं हे दाखवणारे बाण. चित्र संगणकावर काढलेलं होतं आणि प्रत्येक वर्तुळाला मुलांनी वर्षभर ठेवलेल्या नोंदींची एकेक फाइल जोडलेली होती. बेडकाच्या वर्तुळावर माउसनं क्लिक केलं की बेडकाच्या नोंदी उघडायच्या: पहिल्या पावसानंतर कितव्या दिवशी डराव डराव ऐकू आलं, अंडी कुठे दिसली, डिंभकाची शेपूट केव्हा नाहीशी झाली.

बाईंच्या घरच्या संगणकावर त्या उघडायच्या. बैठकीच्या खोलीतल्या संगणकावर मात्र बेडूक उघडेना, मासा उघडेना, डासाची अळीही उघडेना. चित्र अगदी व्यवस्थित दिसत होतं. पण कुठल्याही वर्तुळावर क्लिक केलं की ब्राउझर इंग्रजीत एकच गोष्ट सांगायचा: अशी फाइल सापडत नाही. बाईंबरोबर वर्गातल्या दोन मुली आल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "बाई, आपल्या नोंदी पुसल्या गेल्या का?"

आमच्यापैकी कोणीतरी सवयीनं म्हणालं, "हा संगणकच जुना झालाय." आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळणारच होतो. खरं तर हे जरा विचित्रच होतं. तळ्यातले मासे मेले असते तर आम्हीच मुलांना म्हटलं असतं की थांबा, घाईनं कारण सांगू नका, आधी पाहा. संगणकाच्या बाबतीत मात्र "खराब झाला" एवढ्या उत्तरावर आपलं सगळ्यांचं समाधान होतं. चहा येईपर्यंत तरी शोध घ्यावा असं ठरलं. प्रत्यक्षात त्यात पूर्ण दुपार गेली. त्या दुपारी जे समजलं, आणि नंतर अशा चित्रांशी झटापट करताना ज्याची भर पडली, ते इथे मांडत आहोत.

सुरुवात या प्रश्नापासून करू: चित्रातला दुवा, म्हणजे ज्याला आपण सर्रास लिंक म्हणतो, ती नेमकी काय वस्तू असते? दोन गोष्टी दोऱ्यानं बांधाव्यात तसं ते असावं, असं आपल्या मनात असतं. बेडकाचं वर्तुळ इथे, बेडकाची फाइल तिथे आणि मधे दोरा. बाईंचं चित्र इंकस्केप या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत काढलेलं होतं. तिची चित्रं एसव्हीजी प्रकारच्या फाइलमध्ये साठवली जातात. या प्रकाराला २००१ मध्ये प्रमाणित रूप मिळालं. त्याची एक गंमत शिक्षकांनी जरूर अनुभवावी. अशी फाइल नोटपॅडसारख्या साध्या प्रणालीत उघडली तर आत चित्र दिसत नाही, मजकूर दिसतो: इतक्या त्रिज्येचं वर्तुळ, अमुक ठिकाणी मध्य, अमुक रंग. आम्ही बेडकाचं वर्तुळ शोधलं. त्याच्या भोवती 'एचरेफ' असा शब्द होता आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत एक लांबलचक ओळ. दोरा वगैरे काही नव्हताच. नुसता लिहून ठेवलेला पत्ता होता.

पोस्टकार्डावर लिहिलेल्या पत्त्यासारखंच हे. पत्ता लिहिला म्हणून ते घर आपल्याशी बांधलं जात नाही. घरातली माणसं दुसरीकडे राहायला गेली तर पोस्टकार्डावरचा पत्ता आपोआप बदलत नाही, आणि त्या घराला तर आपल्या पोस्टकार्डाची खबरही नसते. हा एकतर्फीपणा मुद्दाम स्वीकारलेला आहे. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये रूढ केला. त्यांच्या कल्पनेतला दुवा दुतर्फा होता, दोन्ही टोकांना एकमेकांची माहिती असलेला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ज्या जाळ्याचा प्रस्ताव मांडला, त्यात मात्र कोणीही कोणाकडेही, त्याला न विचारता, दुवा जोडू शकतो. ते जाळं जगभर पसरलं त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा होता. तुटके दुवे ही त्याचीच किंमत आहे.

तेव्हा क्लिक करण्याच्या एका क्षणात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडाव्या लागतात. क्लिक त्या आकृतीपर्यंत पोचावं लागतं. मग तिथला पत्ता वाचला जातो. आणि त्या पत्त्यावर ती फाइल असावी लागते. बिघाड यांपैकी कुठे आहे हे ओळखायला फार यंत्रसामग्री लागत नाही. माउसचा बाण वर्तुळावर नेला की त्याचा हात झाला का? झाला असेल तर तिथपर्यंत वाट मोकळी आहे. आमच्याकडे होत होता. मग बाण तसाच वर्तुळावर ठेवून ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहायचं. तिथे बारीक अक्षरात पत्ता उमटतो. आमच्या पत्त्याची सुरुवात सी ड्राइव्हपासून होती, आणि पुढे वापरकर्त्याच्या जागी चक्क बाईंचं नाव होतं. बैठकीच्या खोलीतला तो संगणक आपल्या सी ड्राइव्हवर बाईंचं घर शोधत होता!

हे कसं झालं ते मग बाईंनाच आठवलं. प्रत्येक फाइल त्यांनी आधी ब्राउझरमध्ये उघडली, वरच्या पट्टीतला पत्ता उचलला आणि चित्रातल्या दुव्याच्या रकान्यात चिकटवला. हा झाला पूर्ण पत्ता. तो संगणकाच्या मुळापासून सुरू होतो. सापेक्ष पत्ता असतो तो चित्र जिथे आहे तिथून सुरू होणारा: 'माझ्या शेजारी नोंदी नावाचं फोल्डर आहे, त्यातली बेडूक नावाची फाइल.' चित्र आणि नोंदी एकाच मोठ्या फोल्डरात असतील आणि ते फोल्डर अख्खं उचलून दुसरीकडे नेलं, तरी सापेक्ष पत्ता खराच राहतो.

वर्गात हे दाखवायचं तर संगणकाचीही गरज नाही. सहा-सात मुलांचा गट करा. निम्म्या मुलांना चिठ्ठी द्या: "तुझ्या उजवीकडे बसलेल्याला खडू दे." उरलेल्यांना दुसरी: "खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसलेल्याला खडू दे." वर्गात दोन्ही चिठ्ठ्या चालतील. मग सगळा गट त्याच क्रमानं बाहेर मैदानावर नेऊन बसवा आणि चिठ्ठ्या पुन्हा वाचायला सांगा. आम्ही हा खेळ केला तेव्हा एक मुलगा खडू घेऊन प्रामाणिकपणे वर्गाकडे पळाला, आणि खिडकीजवळच्या बाकावर भलत्याच मुलाला खडू देऊन आला. तेही बरोबरच म्हणायचं. पूर्ण पत्ता कधीकधी सापडतो, पण भलत्याच ठिकाणी.

बाईंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. त्या म्हणाल्या, "पण मी घरी पेन ड्राइव्ह लावून तपासलं होतं हो! सगळं उघडत होतं." उघडणारच. चित्र पेन ड्राइव्हवरचं होतं, पण पत्ते सी ड्राइव्हवरचे होते आणि घरी त्या पत्त्यांवर मूळ फाइली जागच्या जागी होत्या. पेन ड्राइव्हवर नोंदींचं फोल्डर नसतं तरी ही चाचणी पार पडली असती. चाचणी घ्यायचीच तर सी ड्राइव्हवरच्या मूळ फोल्डरचं नाव थोडा वेळ बदलून मग पेन ड्राइव्हवरचं चित्र उघडायचं. तेव्हा जे उघडतं ते खरं. प्रयोगशाळेत नियंत्रित प्रयोगाबद्दल आपण मुलांना जे सांगतो ते इथे आम्हा दहा शिक्षकांपैकी एकालाही सुचलं नव्हतं, हे नमूद करायला हवं.

'कुठून वाचायचं' याच गोष्टीतून आणखी काही घोटाळे निघतात. चित्र आणि नोंदींच्या फाइली झिप करून दुसऱ्या शाळेला पाठवल्या, तिथल्या सरांनी विंडोजमध्ये ते गाठोडं न सोडता आतल्या चित्रावरच डबल क्लिक केलं, तर संगणक तेवढं एक चित्र तात्पुरत्या जागी काढून उघडतो. शेजारी नोंदींचं फोल्डर नसतंच. मग सापेक्ष पत्ता बरोबर असूनही उपयोग नाही. आधी सगळं गाठोडं सोडून घ्यावं. तसंच एखाद्या संकेतस्थळाचा दुवा देताना पुष्कळ जण नुसतं तीनदा डब्ल्यू आणि पुढचं नाव लिहितात, सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' गाळतात. ब्राउझरच्या पट्टीत ते चालतं, कारण तो आपल्या वतीनं ते भरतो. चित्रातल्या दुव्यात भरलं जाईलच असं नाही. तसं न झाल्यास ते सापेक्ष पत्ता म्हणून वाचलं जातं, आणि बिचारा संगणक शेजारच्या फोल्डरात त्या नावाची फाइल शोधत बसतो.

काही शाळांमध्ये इंकस्केपऐवजी लिबरऑफिस ड्रॉ वापरतात. त्यात दुवे सापेक्ष साठवायचे की नाही याची निवड सेटिंगमध्ये, फाइल उघडण्या-साठवण्याच्या विभागात असते. इथे एक चकवा आहे. माउस दुव्यावर नेला की जी छोटी सूचना दिसते तिच्यात नेहमी पूर्ण पत्ताच दाखवला जातो, आत सापेक्ष पत्ता साठवलेला असला तरी. तेव्हा ती सूचना पाहून घाबरू नये. फोल्डर दुसऱ्या जागी हलवून पाहावं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, कारण बाणाचा हातच होत नाही अशा तक्रारीही आमच्याकडे बऱ्याच आल्या. एका सरांनी जलचक्राचं चित्र दाखवलं. ढगावर क्लिक केलं तर काही होत नव्हतं, पण कधीकधी व्हायचं. 'कधीकधी' हा शब्द आला की शोध रंजक होतो. दहा-बारा वेळा निरनिराळ्या जागी क्लिक करून पाहिल्यावर लक्षात आलं की ढगाच्या कडेवर क्लिक केलं तरच दुवा उघडतो, आत केलं तर नाही. ढगाला आतून रंगच भरलेला नव्हता. एसव्हीजीच्या नियमानुसार न भरलेली आकृती म्हणजे नुसती तारेची चौकट. मधून क्लिक आरपार जातं. आतून पांढरा रंग भरला की काम होतं. मागचं दिसायला हवं असेल तर रंग भरून तो पूर्ण पारदर्शक करावा. डोळ्यांना काहीच न भरल्यासारखं दिसतं, पण माउसला मात्र तिथे काहीतरी लागतं. 'रंग नाही' आणि 'न दिसणारा रंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला त्या ढगानं शिकवलं.

हीच गोष्ट उलट बाजूनंही त्रास देते. चित्रावर नंतर एखादी मोठी पारदर्शक चौकट ठेवली असेल तर सगळे क्लिक तीच खाते. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि खालचे सगळे दुवे मुके. अशा वेळी सगळ्यांत वरची आकृती बाजूला सरकवून पाहावं.

चित्र दुसऱ्या रूपात नेतानाही दुवे गळतात. पीएनजी किंवा जेपीजी केलं की उरतात फक्त रंगाचे ठिपके. पत्ता लिहायला आत जागाच नसते. पीडीएफमध्ये दुवे राहू शकतात, पण तिथे दुवा म्हणजे सामान्यतः पानावर अंथरलेला एक अदृश्य आयत असतो. त्यामुळे जवळजवळच्या दोन वर्तुळांचे आयत कोपऱ्यांत एकमेकांवर चढतात आणि माशावर क्लिक केलं तर खेकडा उघडतो. यावर वर्तुळं थोडी दूर सरकवणं हाच सोपा उपाय. वेबपानावर एसव्हीजी चित्र साध्या 'इमेज' म्हणून बसवलं तर ब्राउझर त्यातले दुवे चालू देत नाहीत. 'ऑब्जेक्ट' म्हणून बसवावं, किंवा चित्राचा मजकूर थेट पानाच्या मजकुरात घालावा. आणि चित्र संकेतस्थळावर ठेवून त्यातले दुवे मात्र आपल्याच सी ड्राइव्हकडे नेणारे राहिले, तर ब्राउझर सुरक्षेसाठी ते उघडायला नकार देतो. बहुतेकदा काही न बोलता, म्हणून हा बिघाड ओळखायला वेळ लागतो.

राहिला तिसरा प्रश्न: पत्त्यावर फाइल आहे का? इथे सगळा खेळ नावांचा. विंडोज सहसा फाइलच्या नावाची शेपटी, म्हणजे डॉट पीडीएफ वगैरे, लपवून ठेवतं. 'बेडूक' असं दिसतं म्हणून दुव्यातही नुसतं 'बेडूक' लिहिलं तर ते अपुरं नाव झालं. नाव बदलताना आपणच शेपटी लिहिली तर ती दोनदा लागते. इंग्रजी नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक विंडोज एरवी मनावर घेत नाही, लिनक्स घेतं. म्हणून घरच्या विंडोजवर चालणारं चित्र शाळेतल्या लिनक्सवर अडतं. पत्त्यातल्या तिरक्या रेघा उजवीकडे झुकणाऱ्या हव्यात, विंडोजच्या डावीकडे झुकणाऱ्या नकोत. नावात '#' हे चिन्ह असेल तर पत्ता वाचणारा त्याच्या अलीकडेच थांबतो, कारण त्या चिन्हापुढचा भाग म्हणजे 'पानातली जागा' असा संकेत आहे. 'नोंद #३' नावाची फाइल त्यामुळे कधीच सापडत नाही.

आणि देवनागरी नावं. ब्राउझरच्या पट्टीतून उचललेला देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की टक्केचिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची रांग दिसते. बाईंच्या चित्रातही तीच होती. त्यात गूढ काही नाही. युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट देते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व त्यापुढे दोन खुणा असा लिहितात. 'बेडूक' म्हणजे ब, मात्रा, ड, ऊकार, क अशी पाच चिन्हं. पाच त्रिक पंधरा बाइट, म्हणजे पंचेचाळीस अक्षरांची रांग! सातवीच्या मुलांना हा गुणाकार आवडतो. आपल्या नावाची लांबी काढून पाहायला सांगा.

ही रांग वाचता येईना म्हणून आम्ही त्या दुपारी तेवीसही पत्ते खोडून हातानं नव्यानं लिहायचं ठरवलं. आता वाटतं, तो मूर्खपणा होता. सगळ्या पत्त्यांचा सुरुवातीचा भाग सारखाच होता. नोटपॅडमध्ये 'शोधा आणि बदला' करून तेवढाच भाग एका झटक्यात काढला असता तर उरलेला सापेक्ष पत्ता जसाच्या तसा मिळाला असता. पण आम्ही कामाची वाटणी केली. शेवटचे पाच-सहा पत्ते एका सरांनी आपल्या लॅपटॉपवर टाइप करून दिले.

पेन ड्राइव्हवरचं फोल्डर पुन्हा उघडलं. बेडूक उघडला. मासा, अळी, शेवाळ, खेकडा. मुली एकेक वर्तुळ दाबत मोजत होत्या. बावीस झाली. पक्ष्यांचं वर्तुळ उघडेना. त्याच्या फाइलचं नाव होतं 'किनाऱ्यावर'. दुव्यातही 'किनाऱ्यावर' असंच लिहिलेलं होतं. आम्ही अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. शेपटी बरोबर, फोल्डर बरोबर, मधे जागा सुटलेली नाही.

मघाशी पंचेचाळीस मोजणाऱ्या मुलीनं सुचवलं की दोन्ही नावं त्या लांब रांगेच्या रूपात एकाखाली एक ठेवू या. मूळ फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडून तिचा पत्ता घेतला, न उघडलेल्या दुव्याचाही घेतला. नावापुरता भाग मोजला. एक रांग नव्वद अक्षरांची भरली, दुसरी नव्व्याण्णव. नऊ अक्षरं, म्हणजे एक चिन्ह जास्त. दिसत मात्र नव्हतं.

ते होतं 'ऱ्या' मध्ये. मराठीतला हा आडवा रफार संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग एक शून्य रुंदीचा, अजिबात न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सरांच्या लॅपटॉपवरचा कळफलक दुसऱ्या प्रकारचा होता. वाचणाऱ्या माणसाला ते एकच नाव, संगणकाला दोन. विंडोज किंवा लिनक्सवर एकाच फोल्डरात या दोन नावांच्या दोन वेगळ्या फाइली सुखानं नांदतात. जरूर करून पाहा. 'ॲ' या अक्षराचंही तेच आहे. ते अखंड एक चिन्ह म्हणून लिहिता येतं, आणि अ वर चंद्र देऊनही. त्यामुळे ॲनॉफिलिस डासाच्या फाइलबाबतही हाच घोळ होऊ शकला असता. तो झाला नाही, कारण मुलांनी तिचं नाव 'डास' ठेवलं होतं.

दुव्यातलं नाव पुसून फाइलवरचं नाव तिथे जसंच्या तसं चिकटवलं. वर्तुळ उघडलं. पहिल्याच ओळीत चार बगळे आणि एक ओरडणारी टिटवी होती. पुढच्या आठवड्यात बाईंनी कळवलं की मुलांनी फोल्डरातली सगळी नावं पुन्हा तपासली, आणि 'किनाऱ्यावर'चं नाव बदलून 'पक्षी' केलं.